वाचेचें स्थान : एका न छापलेल्या निबंधाची कथा

घरांतील एखाद्या वडील माणसास एके दिवशीं अवचित अर्धांगवायूचा झटका यावा, उजवा हात व उजवा पाय लुळा पडावा आणि त्याबरोबरच वाचाहि बसावी, असा प्रसंग आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या किंवा शेजारच्या घरीं पाहिला असेल. रोगी माणसें ओळखतो, डाव्या हातानें तांब्याकडे खूण करतो. परंतु 'पाणी' हा शब्द कांहीं केल्या त्याच्या तोंडांतून निघत नाहीं. उलटपक्षीं ज्याचें डावें अंग गेलें तो अंथरुणास खिळला तरी बहुधा बोलूं शकतो. हा भेद आज कोणत्याहि डॉक्टरास ठाऊक आहे. शरीराच्या उजव्या बाजूवर मेंदूच्या डाव्या अर्धाची सत्ता चालते, आणि बहुतेक माणसांच्या वाचेचें स्थानहि त्याच डाव्या अर्धांत असतें. म्हणून एकाच आघातानें दोन्हीं जातात. इतकी उघड दिसणारी ही गोष्ट छापील शास्त्रांत केव्हां दाखल झाली, असें विचारल्यास १८६५ हें साल सांगावें लागतें. ती इतक्या उशिरां कां दाखल झाली, आणि दाखल होतांना कोणाचें श्रेय कोठें हरवलें, ही कथा आज आम्हांस सांगावयाची आहे. कारण शोध लागणें ही एक गोष्ट, आणि तो जगापुढें येऊन जगानें पारखून घेणें ही अगदीं निराळी गोष्ट, हें तींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें दुसऱ्या फारच थोड्या ठिकाणीं दिसतें.

आमच्या प्राचीन वैद्यांनीं हा रोग पाहिलाच नव्हता असें मात्र कोणी समजूं नये. चरकसंहितेंत पक्षवधाचें वर्णन करतांना वायु उजव्या अथवा डाव्या पक्षाचा घात करतो, त्या बाजूची हालचाल बंद पडते आणि वाक्स्तंभ होतो, असें सांगितलें आहे. उजवा पक्षहि तेथें आहे, डावाहि आहे, आणि वाक्स्तंभहि आहे. पण कोणता पक्ष गेला असतां वाचा अधिक वेळां जाते, हा प्रश्न तेथें विचारलेला नाहीं. तो विचारावयाचा म्हणजे रोगी मोजावे लागतात, त्यांची नोंद ठेवावी लागते, आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या हातीं पडावी लागते. हें शेवटचें काम नियतकालिकांशिवाय होत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं गाल नांवाच्या जर्मन वैद्यानें असें मत मांडलें कीं, मेंदू हा एकजिनसी गोळा नसून त्याच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या शक्तींचा वास असतो, आणि भाषेचें स्थान डोळ्यांच्या मागें, मेंदूच्या पुढच्या भागांत आहे. पण या मतास त्यानें एक विचित्र शेपूट जोडलें. कवटीवरील उंचवटे चांचपून मनुष्याचा स्वभाव सांगतां येतो, असें तो म्हणूं लागला. आणि पाहतां पाहतां त्या मतांतून एक कपालसामुद्रिक निर्माण झालें. हात पाहून भविष्य सांगणाऱ्यांविषयीं सुशिक्षित मनुष्यास जें वाटतें, तेंच पुढें युरोपांतील विद्वानांस या कपालसामुद्रिकाविषयीं वाटूं लागलें. त्याच्याबरोबर मूळ कल्पनाहि बदनाम झाली. बुइयो नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८२५ सालीं रोग्यांचे दाखले देऊन वाचेचें स्थान मेंदूच्या पुढील भागांत असल्याचें प्रतिपादन केलें. पुढें १८४८ सालीं, मेंदूच्या पुढील भागास मोठी इजा होऊनहि ज्याची वाचा शाबूत राहिली असा रोगी कोणी दाखविल्यास त्यास ५०० फ्रँक देण्याची पैज त्यानें लाविली. तरी लोक हंसण्यापलीकडे फारसें कांहीं करीनात.

अशा स्थितींत १८५९ सालीं पॅरिस येथें पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याच्या पुढाकारानें मानववंशशास्त्राची एक सभा स्थापन झाली. या सभेचा एक चांगला नियम असा होता कीं, सभेंत जें वाचलें जाई, त्यावर जो वाद होई आणि जे आक्षेप निघत, तें सर्व तिच्या वृत्तपत्रिकेंत छापलें जाई. १८६१ च्या वसंतांत तेथें मेंदूचा आकार व बुद्धि यांवरून वाद चालला होता. बुइयोचा जांवई ओबेर्तँ हा वाचेच्या स्थानाचा पक्ष घेऊन बोलला, आणि प्रतिपक्षानें त्यास विरोध केला. ब्रोका या प्रश्नांत तेव्हां कोणत्याहि बाजूस ठाम उभा नव्हता.

योग असा कीं, त्याच एप्रिल महिन्याच्या ११ तारखेस पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत ब्रोकाकडे लबोर्न्य नांवाचा एक रोगी आला. वय ५१, पैकीं २१ वर्षें त्यानें त्याच रुग्णालयांत काढलेलीं. त्याला काय विचारलें तरी तो 'तां, तां' एवढेंच म्हणे. म्हणून सारें रुग्णालय त्याला त्याच नांवानें ओळखी. फार रागावला म्हणजे एक शिवी तेवढी त्याच्या तोंडून स्पष्ट बाहेर पडे. पण दुसऱ्याचें बोलणें त्याला समजे, आणि आंकडे तो बोटांनीं दाखवी. वाचा गेल्यावर कांहीं वर्षांनीं त्याचा उजवा हात व नंतर उजवा पाय निकामी झाला होता, आणि आतां तोच पाय सुजून सडूं लागल्यामुळें तो शस्त्रवैद्याकडे आला होता. तो वांचणार नाहीं हें ब्रोकानें ओळखलें. येथें त्यानें जें केलें तें आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. त्यानें ओबेर्तँला बोलावून घेतलें, रोगी जिवंत असतांनाच त्यास दाखविला, आणि तुमच्या मताप्रमाणें याचा मेंदू कोठें बिघडलेला असावा, तें आधींच सांगा, असें म्हटलें. ओबेर्तँनें पुढील भाग सांगितला. १७ एप्रिल रोजीं रोगी वारला, शवच्छेद झाला, डाव्या बाजूच्या पुढील भागांत विकृति आढळली, आणि दुसऱ्याच दिवशीं ब्रोकानें तो मेंदू सभेपुढें ठेवला. त्याच वर्षीं त्याची विस्तृत हकीकत शारीरशास्त्राच्या सभेच्या पत्रिकेंत प्रसिद्ध झाली.

बुइयोनें पस्तीस-छत्तीस वर्षें ओरडून जें साधलें नाहीं, तें एका दाखल्यानें साधावें याचें वाचकांस आश्चर्य वाटेल. ब्रोकाचा दाखला इतरांहून निराळा कशानें ठरला? एक तर भाकित आधीं झालें होतें व शवच्छेद नंतर झाला. दुसरें, अवयव प्रत्यक्ष समोर होता. तिसरें, 'पुढचा भाग' असें मोघम न म्हणतां त्यानें मेंदूची तिसरी वळी असें नेमकें स्थळ सांगितलें. नेमकें सांगितल्यानें तें खोडण्याची सोय दुसऱ्यास झाली. आणि चौथें, त्यानें तो मेंदू चिरून टाकला नाहीं; मद्यार्कांत घालून जतन करून ठेवला. या चौथ्या गोष्टीचें फळ पुढें दीडशें वर्षांनीं मिळावयाचें होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस लेलों नांवाचा ८४ वर्षांचा दुसरा रोगी त्याच्याकडे आला. त्याच्याजवळ अवघे पांच शब्द उरले होते. त्याच्याहि मेंदूंत जवळजवळ तेंच स्थळ बिघडलेलें निघालें.

यानंतर ब्रोका एकामागून एक दाखले गोळा करूं लागला, आणि त्याला एक चमत्कारिक गोष्ट दिसूं लागली. २ एप्रिल १८६३ रोजीं त्यानें सभेस सांगितलें कीं, आठ रोगी झाले आणि आठांतहि विकृति डाव्याच बाजूस आहे. मात्र यावरून सिद्धांत काढण्याचें धाडस आपण आज करीत नाहीं. आणखी दाखले पाहिजेत, असें त्यानें पुढें जोडलें. डोळे, कान, फुप्फुसें जशीं दोन्हीं बाजूंस सारखीं, तसे मेंदूचेहि दोन्ही अर्ध समान कामाचे असले पाहिजेत, हें तेव्हांचें सर्वमान्य मत होतें. आठ माणसांच्या बळावर तें मोडण्यास तो धजला नाहीं.

आतां या कथेंतील दुसऱ्या नायकाकडे वळूं. फ्रान्सच्या दक्षिणेस सोमिएर नांवाचें एक लहान गांव आहे. तेथें मार्क डाक्स नांवाचा एक डॉक्टर १८३७ पर्यंत हयात होता. १८०० सालच्या सुमारास त्याच्या पाहण्यांत घोडदळांतील एक अधिकारी आला. डोक्यास डाव्या बाजूला जखम झाल्यापासून त्याला शब्द आठवेनासे झाले होते. पुढें ब्रूसोने या निसर्गशास्त्रज्ञाचीहि स्मृति अशीच गेली, आणि मरणोत्तर त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूसच व्रण आढळला. डाक्सला शंका आली. तेव्हांपासून वाचा गेलेला प्रत्येक रोगी पाहतांना तो कोणतें अंग लुळें पडलें हें टिपूं लागला. अशा चाळीसाहून अधिक नोंदी त्यानें जमविल्या, आणि त्यांत एकहि अपवाद त्यास आढळला नाहीं. यांवरून मेंदूच्या डाव्या अर्धाची विकृति आणि शब्दांचा विसर यांचा संबंध सांगणारा एक निबंध त्यानें लिहिला. १८३६ सालीं माँपेल्ये येथें दक्षिणेकडील विद्वानांची परिषद भरली होती, तीपुढें वाचण्यासाठीं तो होता, असें त्याच्या मुलाचें सांगणें. पण तो छापला गेला नाहीं. पुढच्याच वर्षीं डाक्स वारला, आणि निबंध घरच्या कागदांत राहिला.

त्याचा मुलगा ग्यूस्ताव हाहि डॉक्टर होता. वडिलांच्या निबंधास स्वतःच्या निरीक्षणांची जोड देऊन त्यानें तो पॅरिसच्या वैद्यक परिषदेकडे पाठविला. तो तेथें १८६३ च्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यांत दाखल झाला. म्हणजे ब्रोकानें आठ रोग्यांची गोष्ट सांगण्याच्या अवघे कांहीं दिवस आधीं! परिषदेनें रिवाजाप्रमाणें तो तपासण्यासाठीं तिघांची समिति नेमली: लेल्यू, बेक्लार आणि आमचा जुना परिचित बुइयो. तज्ज्ञाच्या निबंधाचें तज्ज्ञांनीं परीक्षण करावें, ही जी आजची रूढ पद्धति, तिचेंच हें एक जुनें रूप होय. समितीच्या वतीनें लेल्यूनें अहवाल दिला तो डिसेंबर १८६४ मध्यें, म्हणजे वीस महिन्यांनीं. लेल्यूचा आयुष्यभराचा वैरी म्हणजे कपालसामुद्रिक. त्याचें खंडन करण्यांत त्यानें उमेद घालविली होती. मेंदूंत वाचेचें स्थान शोधणारा हा निबंध त्याला त्याच जातीचा दिसला, आणि थोडक्या शब्दांत त्यानें तो निकालांत काढला. चाळीस नोंदी खऱ्या कीं खोट्या, याची शहानिशा करण्याचें कारणच त्यास वाटलें नाहीं.

परंतु हा निकाल गप्प बसला नाहीं. बुइयोनें तो मान्य केला नाहीं, आणि १८६५ सालीं वैद्यक परिषदेंत या प्रश्नावर अनेक आठवडे कडाक्याचा वाद झाला. त्याच वर्षाच्या एप्रिलमध्यें एका वैद्यकीय साप्ताहिकानें डाक्स पितापुत्रांचे निबंध छापून काढले. ज्याला परीक्षकांनीं दार लाविलें, त्याला संपादकानें दार उघडलें! जून महिन्यांत ब्रोकाचा लेख प्रसिद्ध झाला. बहुतेक मनुष्यें डाव्या अर्धमेंदूनें बोलतात, हें मत त्यानें आतां निःशंकपणें मांडलें. डावखुऱ्या माणसांत याच्या उलट प्रकार असूं शकेल, हा विचारहि त्यांत होता. आणि वाचा गेलेल्यांना लहान मुलाप्रमाणें पुन्हां बोलावयास शिकवितां येईल काय, हा प्रश्नहि होता. आज वाचोपचार करणारे जे तज्ज्ञ आहेत, त्यांच्या व्यवसायाचें बीज या प्रश्नांत दिसतें.

मग श्रेय कोणाचें? ग्यूस्ताव डाक्सची तक्रार अशी कीं, माझ्या वडिलांचा शोध राजधानींतील लोकांनीं डावलला. ब्रोकाचें म्हणणें असें कीं, मीं चौकशी केली; माँपेल्ये येथील ग्रंथपालाकडून शोध करविला; १८३६ च्या परिषदेस हजर असलेल्या वैद्यांनाहि विचारलें; परंतु असा निबंध वाचला गेल्याचें कोणासच आठवत नाहीं आणि छापलेला तर कोठेंच नाहीं. ब्रोकाला १८६३ सालीं डाक्सच्या निबंधाची कुणकुण होती कीं नव्हती, याविषयीं इतिहासकारांत अद्यापि एकमत नाहीं. पुढें १८७९ सालीं माँपेल्ये येथील एका वैद्यास आपल्या आजोबांच्या, म्हणजे तेथील वैद्यकशाळेच्या पूर्वीच्या प्रमुखांच्या, कागदांत डाक्सच्या निबंधाची प्रत सांपडली. तेव्हां निबंध खरा होता, बनावट नव्हता, एवढें ठरलें. पण त्या त्रेचाळीस वर्षांत त्या प्रतीचा उपयोग कोणा रोग्यास झाला?

आमच्या मतें या वादांत दोन निरनिराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. डाव्या बाजूची गोष्ट प्रथम कोणाच्या ध्यानांत आली, असें विचाराल तर डाक्सच्या, यांत संशय घेण्याचें कारण नाहीं. आणि आजचे इतिहासग्रंथ त्याचें नांव आदरानें घेतात. परंतु ती गोष्ट शास्त्राची मालमत्ता कोणी केली, असें विचाराल तर ब्रोकाचें नांव घ्यावें लागतें. डाक्सनें लक्षणें मोजलीं. ब्रोकानें लक्षणांबरोबर मेंदूहि दाखविला, आक्षेपकांस समोर बसवून दाखविला, आणि त्यांच्या आक्षेपांसह छापला. आमच्याकडील कित्येक वैद्यांच्या, गवयांच्या व शास्त्र्यांच्या घरीं काय काय ज्ञान होतें, आणि तें त्यांच्याबरोबर कसें गेलें, हें ज्यांनीं ऐकलें आहे त्यांस सोमिएरच्या या डॉक्टरची कथा परकी वाटणार नाहीं.

आतां परीक्षकांविषयीं दोन शब्द. विद्वानांचे लेख छापणारें रॉयल सोसायटीचें लंडन येथील नियतकालिक १६६५ सालीं निघालें. प्रथम तें सर्वस्वीं संपादकाच्या हातीं होतें. १७५२ सालीं सोसायटीनें लेख निवडण्यासाठीं समिति नेमली, आणि १८३२ पासून लेखांवर तज्ज्ञांचे लेखी अभिप्राय मागविण्याची पद्धति तेथें सुरू झाली. तरी सर्व नियतकालिकांत ही पद्धति रूढ होण्यास विसावें शतक बरेंच उलटावें लागलें. 'नेचर'सारख्या विख्यात साप्ताहिकानेंहि ती सरसकट लागू केली ती १९७३ सालीं. लेल्यूचें उदाहरण पाहून कोणी म्हणेल, असले परीक्षक नसते तर बरें! पण त्याच शतकांत कपालसामुद्रिकाचीं स्वतःचीं नियतकालिकें होतीं, आणि कवटी चांचपून लग्नें व नोकऱ्या ठरविण्याचा सल्ला देणारे लोक होते. त्यांस हटकणारा कोणी तरी हवाच होता. लेल्यूचा दोष तो कठोर होता हा नव्हे. त्यानें निबंध ज्या वर्गांत पडला असें त्याला वाटलें त्या वर्गाचा निकाल दिला, त्या निबंधाचा दिला नाहीं, हा होय. न्यायाधीशानें आरोपीची जात पाहून शिक्षा सांगावी, त्यांतलाच हा प्रकार.

छापलेल्या मताचा खरा गुण असा कीं, तें चुकीचें असलें तर चूकहि सांपडते. १८६४ सालीं त्रूसोनें या विकारास 'अफेझिया' हें नांव दिलें. १८७४ सालीं वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन वैद्यानें मेंदूच्या मागील भागांतील दुसरें एक स्थान दाखविलें. तें बिघडलें असतां मनुष्य भराभर बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचें बोलणें उमगत नाहीं. १९०६ सालीं पियर मारी यानें ब्रोकाच्या तिसऱ्या वळीचा वाचेशीं विशेष संबंधच नाहीं, असें म्हणून खळबळ उडविली. पुढें २००७ सालीं शास्त्रज्ञांनीं ब्रोकानें जतन केलेले ते दोन्ही मेंदू चुंबकीय यंत्रानें, न चिरतां, तपासले. लबोर्न्यच्या मेंदूंतील विकृति ब्रोकाला पृष्ठभागावर दिसली त्याहून पुष्कळ खोल गेलेली होती, आणि आज ज्या भागास ब्रोकाचें नांव आहे, तेवढ्यानेंच त्याची वाचा गेली असें म्हणतां येत नाहीं, असें त्यांत निघालें. अवयव ठेवला होता म्हणूनच हें शक्य झालें. आपलें मत खोडण्याचें साधन ब्रोका स्वतःच मागें ठेवून गेला होता. आणि २०१३ सालीं एका संशोधकानें जुनीं दप्तरें चाळून त्या रोग्याचें पुरें नांवहि उजेडांत आणलें: लुई व्हिक्तोर लबोर्न्य, जन्म १८०९, धंदा जोड्यांचे लांकडी सांचे करण्याचा. दीडशें वर्षें ज्याला जग एका निरर्थक अक्षरानें ओळखत होतें, त्याला आपलें नांव परत मिळालें.

वाचा, भाषा व श्रवण या विषयांस स्वतंत्र नियतकालिक मिळण्यास मात्र आणखी कांहीं काळ जावा लागला. अमेरिकेंत १९३६ सालीं वाग्दोषांविषयींचें एक त्रैमासिक निघालें. १९४८ सालीं त्याच्या नांवांत श्रवणाचा समावेश झाला. १९५८ सालीं केवळ संशोधनासाठीं त्याचें दुसरें भावंड जन्मलें, आणि १९९७ पासून त्याच्या नांवांत भाषाहि आली. आपल्या देशांत म्हैसूर येथें १९६५ सालीं वाक्-श्रवणाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली आणि १९७० पासून तिचें नियतकालिक निघूं लागलें. हें काम परदेशांतील निबंध वाचून भागण्यासारखें नाहीं. फ्रेंच रोग्यास उरलेल्या पांच शब्दांवरून, मराठी बोलणारी आजी झटक्यानंतर लिंग, वचन व विभक्ति यांपैकीं काय गमावते आणि काय राखते, हें कळत नाहीं. तें तिच्याच भाषेंत, तिच्यासारख्या अनेकींच्या नोंदी ठेवून कळावयाचें आहे.

म्हणून ही कथा वाचणाऱ्यांत जे कोणी डॉक्टर किंवा शिक्षक असतील त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे. आपल्या वहींत काय टिपलेलें आहे, हें एकदां पाहावें. त्यांत चाळीस नोंदी असतील आणि अपवाद एकहि नसेल, तर तें लिहून एखाद्या जाणत्या परीक्षकाकडे पाठवावें. तो कदाचित् लेल्यू निघेल. तसें झाल्यास दुसऱ्याकडे पाठवावें. पण तें मुलाच्या स्वाधीन करून ठेवूं नये.